तिच्या नावावर तिसरा नंबर

बायको गेली त्याला दोन महिने झाले होते आणि मी तिच्या नावावर पळालो. नंतर सगळ्यांना सांगितलं, मला त्यातलं काही कळत नाही, चूक झाली. ते खोटं आहे. मला कळत होतं.

मी सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोती वाहिली. शाळा चौथीपर्यंत. पळणं-बिळणं आपलं काम नव्हतं. तिला साखर निघाली, डॉक्टरनं चालायला सांगितलं, म्हणून ती सकाळची कृष्णाकाठच्या रस्त्यानं चालायला लागली. तिथं पळणाऱ्यांचा क्लब होता. मास्तर, बँकेतली माणसं, दोन डॉक्टर, काही बाया. त्यांनी तिला ओढलं. ती साताऱ्याची, यवतेश्वराच्या घाटावरची. पोरवयात रोज दूध घेऊन साताऱ्यात उतरायची आणि रिकामी किटली घेऊन परत चढायची. सहा महिन्यांत बँकवाल्यांच्या पुढं गेली. मी तिची पाण्याची बाटली धरून मागं मागं जायचो. ती लांबनं ओरडायची, "आवं, चालताय का झोपलाय?" सगळा क्लब हसायचा. मग मीबी पळायला लागलो.

गावात दरसाल दहा किलोमीटरची शर्यत होते. यंदा क्लबनं सगळ्यांची नावं लवकर भरली, आमची दोघांचीही. त्यानंतर एका सकाळी ती बूट घालायला बसली आणि उठलीच नाही. एक बूट पायात होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी क्लबच्या मॅडमनी माझ्या हातात दोन पाकिटं दिली. "काका, हा काकूंचा नंबर. आठवण म्हणून ठेवा."

छातीवर लावायचा कागद असतो तो. त्याच्या पाठीमागं एक पट्टी चिकटवलेली असते. मागच्या साली तिनंच मला समजावलं होतं, "ह्या पट्टीत आपलं नाव हाय. शेवटाला आथरल्याल्या चटईवर पाय पडला की आतल्या कम्प्युटरला कळतंय, कोन आलं ते." म्हणजे मला माहीत होतं. सकाळी मी माझा नंबर शर्टावर लावला आणि तिचा आतून, बनियनवर. शेवटी यादी लागते, त्यात तिचं नाव एकदा दिसावं, एवढंच मनात होतं. नंबरात येण्याचा विचार नव्हता. मी म्हातारा, मागनं येणारा.

सहाव्या किलोमीटरला एक म्हातारी माझ्या जोडीनं पळत होती. लुगड्याचा काचा मारलेला, पायात पांढरे बूट, नवे कोरे. दम लागला नव्हता तिला. म्हणाली, "कुठलं पावणं?"

"इथलाच. तुमी?"

"जतकडची. मेंढरामागं फिरतोय आमी, त्यात पळायचं काय येवढं. लेक दिलीया सांगलीत, तिनं नाव घातलं माझं."

दोघं बराच वेळ बरोबर होतो. शर्यत संपते ते ग्राउंड दिसायला लागलं तसं मला काय झालं कोण जाणे, छातीवर तो कागद टोचत होता, मी जोर केला. म्हातारी मागनं म्हणाली, "आवं, लय घाई झाली व्हय?" मी वळून बघितलं नाही.

बक्षिसं वाटायला घेतली. साठीच्या वरच्या बाया होत्या पाच-सहाच. पहिली झाली, दुसरी झाली. मग माईकवर तिसरा नंबर पुकारला. तिचं नाव, मग माझं नाव, मग आडनाव. आमचं दोघांचं नाव असं एका दमात मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातबी नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण मला तेव्हा लय बरं वाटलं.

क्लबची माणसं शेजारीच बसली होती. ती सगळी तिच्या मातीला आलेली. मॅडम उठल्या, चूक झाली म्हणून सांगायला निघाल्या असणार. मी त्यांच्या आधी पायऱ्या चढलो.

माईकवाला म्हणाला, "काकू कुठं आहेत?"

मी म्हणालो, "घरी गेली. जरा बरं वाटत नव्हतं."

त्यानं ढाल माझ्या हातात दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लबच्या एकानंही तोंड उघडलं नाही. मी नवा रंडका, मला कोण बोलणार. माझ्या दुःखाच्या आडून मी चोरी केली आणि त्या भल्या माणसांना त्यात सामील करून घेतलं.

खाली उतरलो तर स्टेजच्या कडेला ती जतची म्हातारी. लेक फोन वर धरून उभी, फोटो काढायच्या तयारीत. म्हातारी विचारत होती, "चौथं आलं तर काय नसतंय?"

"नसतंय, आई."

"मग चल." एवढं म्हणून ती खाली बसली आणि बूट काढून पिशवीत घातले. अनवाणी गेली.

दोन दिवस ढाल घरात होती. तिच्या फोटोपुढं ठेवली, तर फोटोकडं बघवेना. ढाल उचलली आणि मॅडमच्या घरी गेलो, सगळं सांगितलं; फक्त पट्टीचं मला काही कळत नाही, चूक झाली, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "काका, आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हीच याल म्हणून थांबलो होतो." त्यांनी यादी दुरुस्त करून घेतली आणि म्हातारीच्या लेकीकडनं गावाचा पत्ता काढून दिला.

भाजीच्या पिशवीत ढाल घालून मी जतच्या एस.टी.त बसलो. पुढं वडापची जीप मिळाली. गेलो तेव्हा वस्तीवर पाण्याचा टँकर आलेला. म्हातारी घागरी लावून उभी होती, सुनेशी कानडीत काहीतरी बोलत. मला बघून म्हणाली, "हितंबी घाईत आला का पावणं?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं, मी बाजारातला हमाल इथपासून. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधेच घागर सरकवत.

"म्हंजे तिसरी मी."

"व्हय."

"आन बायकू तुमची, तिला जाऊन किती दिस झालं?"

"दोन महिनं. तवा."

"आन तुमी सांगिटलं, घरी गेली." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "खोटं बोलायला बी तीच घावली व्हय तुमाला?"

मी पिशवीतनं ढाल काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी-सुलटी केली आणि दारातल्या ज्वारीच्या कणगीवर ठेवली.

"ह्यासाठी न्हवते मी थांबले," ती म्हणाली. "माझं नाव न्हाई पुकारलं कवा कुनी. शाळंत न्हाई, कुठं न्हाई. लेक म्हनली, आई, माइकात पुकारत्यात. त्यासाठी हुभी हुते."

मी ज्याच्यासाठी चोरी केली, नेमकं तेच तिचं नेलं होतं.

मग तीच म्हणाली, "बाजारात हमाल हुता म्हनता. आवाज आसंल की. पुकारा मग."

मला वाटलं, चेष्टा करते. ती तशीच उभी राहिली, पदर नीट केला. तेव्हा मी टँकरच्या पुढं उभा राहून, बाजारात पोत्यावरचा नंबर पुकारायचो तसा, तिचं पूर्ण नाव घेऊन तिसरा नंबर पुकारला. शेरडं दचकली. टँकरवाला हसला. सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

म्हातारी थोडा वेळ ऐकत असल्यासारखी थांबली.

"न्हाई," ती म्हणाली. "तसं न्हाई वाटत." आणि एक घागर कमरेवर घेऊन आत गेली.

बाहेर सात-आठ घागरी राहिल्या होत्या. मी एकेक उचलून उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवल्या. तिनं नको म्हटलं नाही, आणि बसा बी म्हटलं नाही.