नंबर वाचल्याशिवाय हात नाही

कल्पनावहिनींचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलो होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं, येतो" म्हणालो, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. मग हात पुसायला फडकं शोधत बसलो, ते हातातच होतं... यशवंतला जाऊन आता दीड महिना झाला. कोथरूडच्या आमच्या गॅरेजच्या पाटीवर दोघांची नावं आहेत, पहिलं त्याचं. सत्तावीस वर्षं आम्ही एका पत्र्याखाली काम केलं आणि त्यातली निम्मी एकमेकांवर खेकसण्यात घालवली.

यशवंतची एक खोड होती. हल्ली गाडी बिघडली की आधी बिघाड दाखवणारा स्कॅनर लावतात. पण इंजिन कोणतं, हे स्कॅनरला सांगावं लागतं. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन तऱ्हेची इंजिनं येतात, आणि जुन्या गाडीत तर कुणीतरी मधेच दुसरंच बसवून ठेवलेलं असतं. ओळखायचा नंबर इंजिनावरच कोरलेला असतो, पण नेमका अशा कोपऱ्यात, की बघणाऱ्याची मान मोडावी. वर वर्षानुवर्षांचं तेल आणि चिखल. यशवंत डिझेलमध्ये फडकं बुडवून ती जागा पुसायचा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत घालायचा, टॉर्च दातात धरायचा. हात पोचत असेल तर कागद लावून वरून पेन्सिल घासायचा. अक्षरं कागदावर उमटली की मगच स्कॅनर. खराडीला नोकरी करणारा एक तरुण एकदा वैतागून म्हणाला, "काका, आरसी बुकात आहे की सगळं!" यशवंतनं आतूनच उत्तर दिलं, "मग आरसी बुकच दुरुस्त करून देतो. चालेल?" तो तरुण पुढे सगळ्या मित्रांच्या गाड्या आमच्याकडे घेऊन आला. पुण्यात अपमान झाल्याशिवाय माणसाचा विश्वास बसत नाही.

मला मात्र या सोपस्काराचा कंटाळा यायचा. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. परांजपे सर म्हणून आमचे जुने गिऱ्हाईक, कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांची गाडी मधेच बंद पडायची. सर ती यशवंतच्या हाती सोपवून गेले, पण दुसऱ्या दिवशी यशवंत लग्नाला गेला होता. मी आरसी बुक बघितलं, स्कॅनरवर इंजिन निवडलं आणि आकडे बघून छातीठोकपणे ठरवलं, पंप गेलाय. पंप बदलला, गाडी पोऱ्याच्या हाती सरांच्या घरी पाठवली. चार दिवसांनी, सर आपल्या आईंना साताऱ्याला नेत असताना, त्यांची गाडी खंबाटकी घाटात उभी राहिली. भर उन्हात तीन तास. म्हातारीला ऊन बाधलं, दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. गाडी टो करून आणल्यावर यशवंतनं आरसा घातला. इंजिन मागच्या मालकानं बदललेलं होतं. मी निवडलं ते नव्हतंच! जुना पंप धडधाकट होता, एक वायर घासून तुटत आली होती.

सर गॅरेजमध्ये आले ते ओरडतच. "तुम्ही म्हणे नंबर वाचल्याशिवाय हात लावत नाही! आई गेली असती माझी." मी पान्ह्यांच्या ट्रेकडे बघत उभा होतो. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात यशवंत म्हणाला, "चुकलो सर. मीच वाचला नाही." आणि मी तोंड मिटूनच ठेवलं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. घाईत झालेली चूक एक वेळ समजू शकतो, पण ते गप्प बसणं घाईतलं नव्हतं.

यशवंतनं तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. उद्या सांगू, सरांच्या घरी जाऊन सांगू, असं करत दिवस सरले. मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यातला गुरुवार माझा, कारण गुरुवारी गॅरेज बंद. दोन वर्षं दर गुरुवारी चार-चार तास मी त्याच्या खाटेशी बसलो. आम्ही राजकारण बोललो, मिसळ बोललो, डॉक्टरांनी त्याला बंद केलेल्या केळ्यांबद्दल तर तासन्‌तास बोललो. मधेच तो बोलायचा थांबे आणि नुसता माझ्याकडे बघत राही. "काय रे?" मी विचारायचो. "काही नाही. तू बोल," म्हणायचा. आणि मी पुन्हा मिसळीवर यायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो होतो. तेवढ्यात परांजपे सर काठी टेकत आले. त्यांना उशिरा कळलं होतं. यशवंतच्या फोटोसमोर बसले, मग म्हणाले, "एकदा चुकला माणूस, पण तोंडावर कबूल केलं. आज कोण करतं?"

"सर, ती चूक त्याची नव्हती," मी म्हणालो. "नंबर मी वाचला नव्हता. तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी बोलू दिलं."

सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काठी घेऊन उठले. त्यांना जिन्यापर्यंत सोडून मी परत आलो. वहिनी तिथंच बसल्या होत्या.

"मला माहीत होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी ह्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. म्हणाले, तो सांगेल आपणहून, आपण विचारायचं नाही... गुरुवारी तुम्ही ह्यांना घरी पोचवून गेलात की मी विचारायचे, आज बोलले का भाऊजी?"

"मग? काय म्हणायचा?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"म्हणायचे, पुढच्या गुरुवारी बोलेल."