पंख्याचं पातं

आमच्या घरात दादाच्या विमानाचं एक पातं होतं. पंख्याचं, लाकडी, हातभर लांब, एका टोकाला मोडलेलं. दादा विलायतेत शिकायला गेला आणि शिकायचं सोडून जर्मनांशी लढायला विमानात बसला. त्या लढाईतच गेला. पुढे त्याचा एक गोरा सोबती देवळालीच्या छावणीत बदलून आला, तो हे पातं घरी देऊन गेला. दादाचं तेवढंच परत आलं.

त्यावरून पुढे पंधरा-सोळा वर्षं जो काथ्याकूट चालला, त्याने माझं डोकं उठायचं. काका म्हणणार, पातं काचेच्या पेटीत घालून वाचनालयात लावू, खाली दादाचं नाव. की लगेच कोणीतरी म्हणणार, साहेबाच्या लढाईत मेला, त्याचं कसलं स्मारक? मग चहा, मग पुन्हा तेच. सत्याग्रहाच्या दिवसांत तर पेटीचा विषय काढायची सोय नव्हती. आणि अप्पा, आमचे वडील, मूग गिळून बसलेले.

आईला काय हवंय, हे एकाही पुरुषाने विचारलं नाही. अप्पांनी तिला सांगितलं होतं की विमान कोसळलं, दादा जागीच गेला, तिकडच्या लोकांनी त्याला पुरलं. ते पुरणं तिच्या जिवाला लागलं होतं. म्हणायची, "माझ्या लेकराला अग्नी नाही, अस्थी नाहीत. सुटणार कसा तो?" तिला ते पातंच अस्थी म्हणून रामकुंडात सोडायचं होतं.

शेवटी माहेरपणाला आले असताना मीच चिडले. म्हटलं, पेटी गेली खड्ड्यात, उद्या रामकुंडावर जायचं. लाकडाला कुठे अस्थी म्हणतात का, असे गुरुजींनी आढेवेढे घेतले, पण आले. काकाही तोंड वाकडं करून आले.

मंत्र झाले. आईने पातं पाण्यात सोडलं आणि ते तरंगलं. तरंगणारच की, लाकूड ते! रामकुंडात अस्थी विरतात हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. काकांनी काठीने दाबलं, ते पलीकडून वर आलं. दगड बांधला, तर सुतळी सुटली. मला हसावं की रडावं कळेना.

"अग्नी मिळालेला नाही ना, वहिनी," गुरुजी म्हणाले. "म्हणून असं होतंय."

आईला हुंदका आला. तसे अप्पा एकदम ओरडले, "मिळालाय त्याला अग्नी. वरच पेटलं होतं विमान."

पातं आधीच तुटून लांब पडलं, म्हणून तेवढं राहिलं होतं. हे त्या सोबत्याने अप्पांना सांगितलेलं, आणि आईला सोसणार नाही म्हणून त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं.

आईने डोळे पुसले. "पेटलं तेव्हा जिवंत होता का हो तो?"

"नाही," अप्पा म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

आई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग वाकून तिने पातं पाण्यातून काढलं, पदराने कोरडं केलं आणि मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मला गुरुजींचा, काकांचा, अप्पांचा, सगळ्यांचा राग आला होता, पण तिला घरी चल म्हणायचं धाडस माझ्याच्याने झालं नाही.