चार नंबरची पायरी

आमच्या भावोजींना एका जागी सलग पाच मिनिटं बसलेलं पाहिलं, असं रत्नागिरीत कुणी सांगितलं तर तो माणूस खुशाल थापाड्या समजावा. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. लग्नाच्या फोटोत ताई अगदी स्वच्छ आली आहे आणि तिच्या शेजारी मुंडावळ्या बांधलेलं धुकं उभं आहे. खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलायचा, आणि कपातला चहा बशीत, बशीतला लेंग्यावर यायचा. ताईनं लग्नानंतर वर्षभर तो पाय थांबवायचा प्रयत्न केला आणि मग बशी खोलगट आणली.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय नळ हा होता. काही नळ थोडेसे उघडले की घुर्र करून थरथरतात. आपण नळाला शिव्या देऊन वायसर बदलतो. भावोजींना मात्र तो आवाज ऐकला की राहवायचं नाही. पाणी अरुंद फटीतून जोरात गेलं की वायसरला ओढून घेतं, फट मिटते, मागचा दाब त्याला परत ढकलतो, आणि हा खो-खो चालूच राहतो, असं ते कुणालाही समजावत, अगदी भाजीवालीलासुद्धा. एकदा गणपतीपुळ्याला आम्ही खानावळीत पानावर बसलो, वरण वाढलं, आणि भावोजी गायब. शोधलं तर हात धुवायच्या नळाला कान लावून घड्याळात बघत होते. मालकाला वाटलं, गृहस्थाला भोवळ आली. त्यानं कांदा फोडून आणला. ताई शांतपणे म्हणाली, "कांदा ठेवा हो पानात. ते जेवतील तेव्हा लागेल."

चार वर्षं नळ उघडझाप करून झाल्यावर त्यांना एका जुन्या नळाच्या पोटात हिरवा थर दिसला. झालं. एवढ्या धारेत हे सुटलं कसं नाही, या प्रश्नानं त्यांना पछाडलं आणि नळ मागे पडला. पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी म्हणे पत्र वाचून कपाळाला हात लावला. पण भावोजींनी डॉक्टरांकडून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणून कपड्यांच्या दांडीला टांगल्या. खाली दोन काचपट्ट्यांमध्ये केसाएवढी फट. त्यातल्या एका पट्टीवर शेवाळ. बाटली जितकी उंच, तितकी धार जोराची. किती उंचीला शेवाळाच्या किती पेशी सुटतात हे सूक्ष्मदर्शकातून मोजायचं. चिकटलेल्याला सोडवायला नेमका किती जोर लागतो, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. कपडे त्या पावसाळ्यात आमच्याकडे वाळत पडायचे.

ताईचं घर रस्त्याच्या खाली. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरायला तांबड्या चिऱ्याच्या सात पायऱ्या. पावसात चिऱ्यावर शेवाळ चढतं हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून आपण खराट्यानं घासतो, झावळ्या अंथरतो. भावोजींनी पायऱ्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले आणि फर्मान काढलं की बाकीच्या घासा, चार नंबरला खराटा लावायचा नाही. त्या पायरीवर कडेला चाळीस काचपट्ट्या मांडल्या. रोज एक उचलायची, म्हणजे एक दिवसाचं शेवाळ किती घट्ट, दहा दिवसांचं किती, चाळीस दिवसांचं किती, ते कळणार. घरादारानं चौथी पायरी ओलांडायची सवय करून घेतली. पोस्टमन ओलांडायचा, मी ओलांडायचो. मासळीवाली डोक्यावरची पाटी सावरत ओलांडायची आणि पुटपुटायची, "मास्तरानं शेवाळ पाळलंन." कोंबड्या तिकडे फिरकल्या की ताई हातातलं काम टाकून धावायची.

कारण ती पदवी भावोजींपेक्षा ताईला हवी होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती, आणि तिसऱ्यांदा मिळते की नाही याचं पत्र पुण्याहून यायचं होतं. नऊ वर्षांचं काम पाण्यात जायची वेळ आली होती. भावोजी दिवसातून दहा वेळा रस्त्यावर जाऊन पोस्टमन दिसतो का बघत. एकतिसाव्या दिवशी ते कॉलेजात असताना पोस्टमननं वरूनच हाक मारली, "वहिनी, पुण्याचं पत्र." ताई धावली. एक, दोन, तीन असं खालून मोजायचं असतं ते विसरली, आणि चार नंबरवरून थेट खळ्यात आली. उजवं मनगट मोडलं. पोस्टमननं मला बोलावलं, कॉलेजात निरोप पोचवला, आणि मी तिला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तिनं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. दिवाळीपर्यंत मुदत होती, ही शेवटची.

प्लास्टर घालून परतलो, तर चौथी पायरी लालभडक. भावोजींनी कोयत्यानं खरवडून, काथ्यानं घासून तिचा चिरा नवा करून ठेवला होता. उरलेल्या नऊ काचपट्ट्या धुऊन ओटीवर ठेवल्या होत्या. ताई पायरीकडे बघून म्हणाली, "पडले मी. त्या शेवाळानं काय केलंन तुमचं? एकतीस दिवस जपलं मी ते."

भावोजी तिच्याजवळ बसले आणि संध्याकाळपर्यंत बसूनच राहिले. मी सहज खाली पाहिलं. त्यांचा पाय हलत नव्हता. मला तेव्हा खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ताईनं डाव्या हातानं वह्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. ती आकडे वाचायची, ते लिहायचे. दिवाळीच्या आठ दिवस आधी बाड पुण्याला गेलं. तोंडी परीक्षेत विचारलंनीत म्हणे, आलेख एकतीसला का थांबला. भावोजी म्हणाले, "त्या दिवशी बायको पडली. मी पायरी घासली." पदवी मिळाली, आणि महिन्याभरात ते पुन्हा शेजाऱ्यांच्या नळाला कान लावू लागले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाच्यानं पायऱ्यांवर खरबरीत फरशी बसवली आहे. शेवाळ धरत नाही, आकडेही गेले. परवा पावसात गेलो. छत्री सावरत, पायाखाली न बघता उतरत होतो. ताई खळ्यात उभी होती, मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून. पावसाळ्यात ते ठणकतं.

"अरे, चार नंबर," ती खालून म्हणाली.

मी उचललेला पाय तसाच पुढे नेला आणि तिसरीवर टेकवला.