गायधनी सरांचा फळा

आमच्या डिपार्टमेंटची माणसं हल्ली भेटतात ती कुणाच्या तरी दहाव्यालाच. चहा हातात आला की कुणीतरी विचारतं, "काय हो, गायधनी सरांचं ते आठवतं का?" की मग एकातून एक निघत जातं. मी फिजिक्स लॅबला असिस्टंट, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलंय.

*

सर एफवायला प्रतलातली गती शिकवत. फेकलेला चेंडू वळत खाली कसा येतो, दोरीचा दगड गोल का फिरतो, असलं सगळं. हरसूलच्या एका पोराला त्यांनी गोफण आणायला सांगितली आणि अख्खा वर्ग मैदानात नेला. पोरानं गोफण गरगरा फिरवून दगड सोडला. सर खूश. "बघा, स्पर्शरेषेनं गेला!"

पोरगं हळूच म्हणालं, "सर, दगड हिकडं गेला. तुमी तिकडं बघताय."

सगळे हसले. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

*

पुढे द्वारकेच्या चौकात त्यांची सायकल कांद्याच्या हातगाडीवर आदळली. कोपर सोलपटलेलं, शर्ट फाटलेला, आणि सर म्हणतात काय, "माझा वेग बरोबर होता हो, गाडीचा धरायचा राहिला."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि होती तीही जाणार होती. सायकल सुटली. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, त्यांना हाताला धरून गेटपर्यंत आणायच्या आणि तिथूनच मागे फिरायच्या, कुणाला कळू नये म्हणून. कळलं सगळ्यांनाच होतं.

*

एकदा लॅबमध्ये कुणी नसताना मला म्हणाले, "सुरेश, रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. शिकवणं काढून घेतलं तर घरी बसून मी करू काय, सांग." मी नुसताच वजनं पुसत बसलो.

*

मग सर एका समीकरणावरच दुसरं लिहायला लागले. पोरांनी आपापसात ठरवलं, ओळ उतरवून झाली की पहिल्या बाकावरच्यानं उठून फळा पुसायचा. सर स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगायचे, "यंदाची बॅच फार टापटिपीची आहे."

*

पण कुणीतरी चुगली केलीच. प्राचार्य कडक माणूस. मला बोलावून म्हणाले, "गुरुवारी मी स्वतः येऊन बघतो. दिसत नसेल तर शुक्रवारपासून त्यांचा वर्ग बंद."

मी सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट घालून येतो."

गुरुवारी त्यांच्या मागोमाग वर्गात शिरलो, तर फळा जागेवर नव्हता. रंगवायला म्हणून शिपायांनी सकाळीच काढून नेला होता. समोर नुसती चुन्याची पांढरी भिंत. सांगायला पुढे झालो, तोवर प्राचार्य दारात.

सरांनी खडू उचलला आणि भिंतीवर पॅराबोला काढला, नेहमीसारखा, एका दमात. खाली समीकरणं लिहिली. पांढऱ्यावर पांढरं, एक अक्षर दिसेना. साठ पोरं माना खाली घालून लिहीत होती. पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि भिंत पुसून जागेवर जाऊन बसली.

सर वर्गाकडे वळले. "फळा फार खरखरीत झालाय. ऑफिसात कुणीतरी सांगा रे, रंगवून घ्या म्हणावं."

"सांगतो, सर," प्राचार्य दारातून म्हणाले. मग मागच्या बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या पोराकडे त्यांनी एक कोरा कागद मागितला.