बोलणं आणि म्हणणं

परतूरच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक दवाखाना आहे. तिथं केसपेपर लिहायचं काम नंदाबाईकडं. शिक्षण सातवी. आधी ती इथं फरशी पुसायची. जुने डॉक्टर एकदा म्हणाले, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं, बस खुर्चीवर. बसली ती बसली. त्यालाही चौदा वर्षं झाली.

तिच्या पेपरवर मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडं ‘बोलणं’, उजवीकडं ‘म्हणणं’. ही रेघ आली डॉक्टर एकतामुळं. एकता परतूरच्याच मारवाडी घरातली, पण वाढली पुण्यात. दवाखाना हातात घेतला त्या पहिल्याच आठवड्यात दुर्गाबाई नावाची म्हातारी आली न् म्हणाली, “डोळ्यात फूल पडलंय.”

“कोणतं? झेंडूचं?” एकतानं विचारलं, अन् दोनदा डोळा धुतला.

म्हातारी पदरापर्यंत भिजली. नंदाबाईकडं वळून म्हणाली, “ह्या पोरीला सांग गं. फूल पाण्यानं जात असतं तं म्या इहिरीतच ऱ्हायले असते.”

बुबुळावर पांढरा डाग पडला की त्याला इकडं फूल म्हणतात, हे नंदाबाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून रेघ.

मग नंदाबाईला नादच लागला. पेशंट जो शब्द टाकील, त्याच शब्दाचं बोट धरून ती आत शिरायची. कुणी म्हणालं पायाला मुंग्या येतात, की हिचं सुरू, “काळ्या का लाल?” काळ्या म्हटलं की उजवीकडं ‘बधीर’, लाल म्हटलं की ‘आग’. लोक वैतागायचे, हसायचे, पण उत्तर बराबर द्यायचे.

एका सकाळी कडूबा आला. वीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत, कापसातून सरकी काढणाऱ्या जिन मशीनपाशी उभा राहिलेला माणूस. डावा कान तळहातानं दाबून धरलेला.

“कानात जिन चालू हाय, नंदाताई. काल भोंगा झाला तं ऐकूच आला न्हाई. मुकादम म्हन्तो, आधी कान दाखव, मंग कामावर ये. बहिऱ्याला मशीनपाशी कोन उभं करीन?”

नंदाबाईनं डावीकडं लिहिलं, ‘कानात जिन चालू’. उजवीकडं लिहायला तिला विचारायची गरजच वाटली नाही. वीस वर्षांचा खडखडाट. दुसरं काय असणार? लिहिलं, ‘मशीनच्या आवाजानं कान वाजतो’.

पेपर आत गेला. एकतानं तो वाचून गोळ्या दिल्या, उद्या जालन्याला कानाची तपासणी करून ये म्हणाली, अन् तोवर मशीनपाशी जायचं नाही.

कडूबा चपला घालत होता. तेवढ्यात नंदाबाईची जुनी खोड जागी झाली.

“का हो कडूबा, ही जिन बंद कव्हा पडती?”

“बसलो की थांबती. आडवं झालं की सुरू. चालती कशी, तं पाय टोचवत.”

नंदाबाईचा पेन थांबला. “जिनला पाय कुठून आले?”

“आता ते म्या काय सांगू? टोचून राह्यले ते सांगतो.”

“कव्हापासून?”

“काल दुपारच्या सुट्टीत सरकीच्या पोत्यावर डोळा लागल्ता. तव्हापासून.”

नंदाबाईनं त्याला दंडाला धरून परत आत नेलं. “मॅडम, माझं चुकलं. हे नुसतं बोलणं न्हाई. ह्याच्या कानात खरंच कायतरी चालून राह्यलंय.”

एकतानं बॅटरी लावून कानात पाहिलं. तेलाचे थेंब टाकले, थोडं थांबली, अन् चिमट्यानं सरकीतला एक मेलेला किडा बाहेर काढला. कापसावर ठेवला तर पाय मोजता येत होते. कडूबा वाकून त्याच्याकडं बघत राहिला. “एवढुसा? अन् आवाज पुऱ्या फॅक्टरीचा.”

नंदाबाईनं उजवीकडची ओळ खोडली न् ‘किडा’ लिहिलं. डावीकडची तशीच ठेवली.

“आता कसं वाटतंय?” एकतानं विचारलं.

“जिन बंद पडल्यावानी.”

नंदाबाई तोंड उघडणार, तोच एकता पुढं झाली. “सुट्टी झाल्यावानी, का मालकानं कुलूप लावल्यावानी?”

कडूबा उजव्या कानात बोट घालून, डावा कान खिडकीकडं करून उभा राहिला. “सुट्टीवानी. बाहीर केळेवाला कुनासंगं तरी भांडून राह्यलाय.”

“काय म्हणतोय?”

“केळं दाबून पाहू नका म्हन्तोय.”

एकतानं मुकादमाच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली. नंदाबाई मात्र खिडकीपाशी गेली. केळेवाला खरंच तेच म्हणतोय का, ते ऐकायला.