खाल्या पागीचा अंगठा

फौजदाराने खाल्या पागीचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदाकडे ओढला. खाल्याने मूठ आवळली. शिपायाने मूठ उघडायला अंगठा मागे वाकवला, तेव्हा काडकन आवाज झाला. मी नऊ वर्षांची, चावडीच्या पायरीशी उभी होते. आत माझ्या वडिलांना, बापूंना, बेड्या घातल्या होत्या.

आदल्या दुपारी आमच्या बांधाला लागून असलेल्या कपाशीत शेजारी नथ्थू मेलेला सापडला. त्याच्याजवळ बापूंच्या जोड्याचे ठसे होते. उजव्या तळाला तिरपं ठिगळ, साऱ्या ब्राह्मणपुरी गावाला ठाऊक. बांधावरून दोघांचं भांडणही ठाऊक. पागी म्हणजे पावलांचा माग काढणारा. त्याने ठसे बापूंचे म्हणून अंगठा दिला की बापू फासावर.

खाल्या भिल्ल. कुणी रामराम केला तरी मान वर करत नसे. म्हणायचा, "तोंड मंग देखसू, पयले पाय दखाड." एकदा मला म्हणाला, "लंगडत उनी ना पोर? कोन्हा कुंपनमा गयथी?" मी बोरं चोरायला गेले होते. आईने मारलं. आमच्या घरी त्याला पाणी वरून ओतत.

"वाचता येत नाही तुला, आणि नखरे करतोस?" फौजदार म्हणाला.

"माले कागद वाचता येस नही. माती येस," खाल्या म्हणाला. हात सुजत होता. "जोडा बापूना शे, चाल बापूनी नही. टोपल्या उचला, मंग आंगठा."

ठसे मोडू नयेत म्हणून त्याने त्यांच्यावर टोपल्या पालथ्या घालून भोवती काटे लावले होते. गाव जमलं होतं, फौजदाराला शेतात जावंच लागलं. खाल्याने बापूंना ठशांशेजारून चालवलं. बापूंच्या डाव्या पायावरून कधीकाळी गाडी गेलेली, तो पाय बाहेर पडायचा. टोपलीखालचे ठसे सरळ होते, टाच घसरलेली.

"मोठा जोडामा ल्हान पाय," खाल्या म्हणाला. बापू दुपारी झोपले की जोडे ओट्याखाली असत. कुणीही घालावे, परत ठेवावे.

मग तो लोकांचे पाय बघत फिरला. नथ्थूचा चुलतभाऊ भिका तेवढा बैलगाडीवर बसून होता.

"भिका, खाले उतर."

"मी आठेच बरा शे."

"तोंड देखी लिधं तुन्हं. आते पाय दखाड."

शिपायांनी त्याला ओढून उतरवला. जन्मभर अनवाणी फिरलेला माणूस, आणि दोन्ही टाचांवर जोडा चावल्याचे ताजे फोड. भिका खाली बसला. वाटणीच्या शेतासाठी केलं, म्हणाला.

फौजदाराने नवा कागद पुढे केला. खाल्या म्हणाला, "आंगठा तुम्हीच मोडेल शे. आते कसाना देऊ?"

हाड वाकडंच बसलं. आई त्यानंतरही पाणी वरूनच ओतत राहिली, ते मी लपवत नाही. बापू त्या दिवसानंतर तीस वर्षं जगले. खाल्या त्यांच्याहून दोन वर्षं जास्त.