अंथुर्ण्याच्या खांबावरचा ओला पाणकावळा

आधी महादूआबांचं नाव लिहितो, मग काय झालं ते. भिगवणला मासे धरणारा म्हातारा माणूस, नात्याचा ना गोत्याचा. पण ते नसते तर माझा भाऊ आम्हाला कुठल्याच रूपात मिळाला नसता.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सोडली, आता बारामतीत ठिबकच्या पाइपांची पिकअप चालवतो. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. अंगात येणं, शकुन-अपशकुन… असल्या गोष्टींवर मी आजवर हसतच आलो.

दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ ज्ञानू हरवला. भिगवणजवळ एका शेतकऱ्याकडे पाणी उपसायच्या मोटारी बघायला होता. उजनी धरणाच्या काठावर त्याच्या चपला सापडल्या, तो नाही. दोन दिवस आबा आणि त्यांच्या माणसांनी चपलांसमोरचं सगळं पाणी गळ टाकून शोधलं. कोणी म्हणे बुडाला, कोणी म्हणे काम सोडून पळाला. आई फोनवर एवढंच म्हणायची — "जसा असेल तसा घेऊन ये."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ज्ञानूसारखाच एक पोरगा धरणापासून लांब, अंथुर्ण्याच्या स्टँडवर बसलाय. मी मोटरसायकलची चावी मागितली तर आबा म्हणाले, "दोन रात्री झोपला न्हाईस. तू मागं बस."

पोरगा होता. ज्ञानू नव्हता. तोंडावळासुद्धा तसा नव्हता…

समोरच्या टपरीवर मी डोकं धरून बसलो. आबांनी वडापाव पुढे केला. "खा लेका. उपाशी मानूस काय हुडकणार?"

तेवढ्यात आबांच्या ओळखीचा टपरीवाला वर बघत म्हणाला, "आबा, तुमच्या वळखीचं पावनं आल्यात बगा. मासं न्हाईत म्हणावं, भजी हायती."

लाइटच्या खांबावर पाणकावळा बसला होता. भिगवणला असे शेकडो दिसतात, पाण्यातून निघाले की पंख पसरून वाळवत बसतात. हाही तसाच पंख उघडून बसलेला, आणि अंगातून टपटप पाणी गळतंय. भर दुपारी, दुकानांच्या मधोमध.

"हितं जवळ पाणी कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"कुठलं ओ. ओढा बी कोरडा पडलाय."

माझा चहा निवून गेला. एवढ्या उन्हात तो पक्षी वाळायला हवा होता. गळतच होता.

आबा उठून खांबाखाली गेले. ओल्या धुळीतला चिखल बोटावर घेतला, चोळला, वास घेतला. मग मला दाखवला. काळी राख, आणि तिच्यात विटेचा तांबडा चुरा.

"ही वीटभट्टीची राख हाय," आबा म्हणाले. "जुनी भट्टी हाय आमच्याकडं, धरण भरलं की पान्याखाली जाती. चपला गावल्या तितनं लांब पडती, म्हणून आमी तिकडं गेलोच न्हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल. त्यो हितं न्हाय."

गाडीला किक मारली तेव्हाही पक्षी तसाच गळत बसला होता.

भट्टीवर होडी नेली आणि पहिल्याच गळाला शर्ट लागला. ज्ञानू भट्टीच्या भिंतीत अडकला होता, म्हणून वर आला नव्हता. आबांनी मला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले नाहीत.

ज्ञानू वाऱ्याने तिकडे सरकला असेल असं सगळे म्हणतात, तेवढं पटतं. पण पाण्यापासून इतक्या लांब, ओला, तीच राख अंगावर घेऊन तो पक्षी कसा आला… आबांना विचारलं. "मला काय ठावं," म्हणाले. "सारा जनम ह्या पाखरांत गेला, असलं कवा बगितलं न्हाय." 

आबांनी एक रुपया घेतला नाही, चहासुद्धा नाही. "ह्याचं काय घ्यायचं नसतं," म्हणाले. आईने ज्ञानूला बघितलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तेवढं तिला आबांमुळे मिळालं.

आबांच्या होडीला जागोजागी डांबराची ठिगळं आहेत, बसलं की पायाशी पाणी येतं. आबा, हे कोणी वाचून दाखवलं तर ऐका. नवी होडी मी आणून देणार आहे. किती वर्षं लागतील माहीत नाही, पण देणार. तोवर खोल पाण्यात जाऊ नका.